हिराला समुद्र दाखवण्याबाबत

समुद्र ही सार्वजनिक मालमत्ता असून तो पाहायला कोणाची परवानगी लागत नाही, असा एक सर्वसाधारण समज आहे. हा समज बाहेरगावच्या लोकांनी पसरवलेला आहे. पालघरकडे समुद्र आणि माणूस यांच्या मध्ये नातेवाईक राहतात. मोठा रस्ता सोडून पश्चिमेला वळलेली प्रत्येक सडक आधी कोणाच्या तरी आत्याच्या अंगणावरून जाते, मग मामेभावाच्या वाडीला वळसा घालते, आणि एवढं करून दिवस शिल्लक उरलाच तर समुद्राला मिळते.

चिंचणी ते केळवे हा किनारा अलीकडे फार प्रसिद्ध झाला आहे. तो होता आधीपासूनच, पण कोणा बाईने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून त्याचं रील केलं, तेव्हापासून तो अधिकृत झाला. त्या रीलमध्ये गाडी सलग समुद्राच्या कडेने धावते. असा सलग रस्ता नाही. मध्ये खाड्या आहेत, आणि या किनाऱ्यावरून पुढच्या किनाऱ्यावर जायचं तर बहुतेक वेळा परत बोईसरला यावं लागतं. सबब, किनारपट्टीची सहल ही मुख्यत्वे बोईसरची सहल असते (बोईसरला याची कल्पना नाही).

बेटेगावच्या कमलाकांतने ही सहल काढली ती बायकोसाठी, हे त्याच्या बाजूने आधीच नोंदवलेलं बरं. कमलाकांत कारखान्याच्या भांडार विभागातून निवृत्त झालेला, स्वभावाने दिलदार, आणि माणसं जोडण्याच्या बाबतीत तर इतका दांडगा की, रस्त्यात ओळखीचं कुत्रं दिसलं तरी तो मालकाची चौकशी करायचा. त्याची बायको हिरा विक्रमगडकडची, म्हणजे डोंगरातली. लग्न होऊन समुद्रापासून दहा-बारा किलोमीटरवर आली, त्याला तीस वर्षं झाली. या काळात तिने समुद्र पाहिला तो गणपती विसर्जनाला आणि सासऱ्यांच्या दहाव्याला. दोन्ही वेळा तिच्या हातात ताट होतं, आणि ज्याच्या हातात ताट असतं तो ताटाकडे बघतो.

झालं असं की, त्यांच्या उन्नतीचं यंदा मे महिन्यात लग्न झालं. जावई निमेश वसईचा, नवा, त्यामुळे अजून विचारपूस करणारा. त्याने दिवाळसणाला सहज विचारलं, "मम्मी, तुम्हाला काय हवंय?" अशा प्रश्नाला सासूने 'मला काय हवं असणार' म्हणायचं असतं. हिराने चक्क उत्तर दिलं.

"मला एकदा समुद्रावर नुसतं बसायचंय. कोणाकडे जायचं नाय. कोणासाठी काय करायचं नाय. नुसतं बसायचं."

कमलाकांतने मांडीवर थाप मारली. "एवढंच ना! अख्खा किनारा दाखवतो तुला! चिंचणीपासून केळव्यापर्यंत!" हिरा म्हणाली, "अख्खा नको हो. एकाच ठिकाणी." पण ही तिची दुरुस्ती टाळ्यांच्या गजरात वाहून गेली. मागितलं त्यापेक्षा जास्त द्यायचं आणि मागितलेलं मात्र द्यायचं नाही, यालाच दिलदारपणा म्हणतात.

रविवारी सकाळी निमेशची गाडी निघाली. गाडी छोटी, डिकीत गॅसची टाकी, त्यामुळे सामानाला जागा मागच्या सीटवरच. पण सामान होतंच काय? एक चटई आणि पाण्याची बाटली. हिराने चटई मांडीवर घेतली होती. ती नवी होती आणि तिचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

चिंचणी आली. समुद्र वळणापलीकडे, सुरूच्या झाडांतून वारं येऊ लागलेलं. त्याच वळणावर कमलाकांतचा मामेभाऊ कृष्णकांत राहतो. कमलाकांत म्हणाला, "थांबायचं नाही हां जावईबापू. नुसता हॉर्न वाजवा. नाहीतर उद्या म्हणेल, दारावरून गेले आणि ओळख दिली नाही."

वसईच्या माणसाला काय ठाऊक! त्याने वाजवला. या भागात हॉर्न ही रीतसर पूर्वसूचना समजली जाते आणि तिच्यावर तत्काळ कार्यवाही होते. गाडी अंगण ओलांडायच्या आत कृष्णकांत बनियनवर रस्त्याच्या मधोमध उभा.

"असं कसं जाता? नवीन जावय हाय घरचा!"

"अरे, हिराला समुद्र दाखवायचाय," कमलाकांत म्हणाला.

"दाखव ना! समुद्र काय पलून चाललाय? चा घ्या दोन मिनिटं."

दोन मिनिटांचा चहा कसा होतो, हे सर्वांना माहीत आहे. चहाआधी पाणी. पाण्यासोबत पोहे, कारण नुसता चहा जावयाला देत नाहीत. पोह्यांना कांदा चिरायला घरात बाईमाणूस एकच. म्हणून हिरा आत गेली. कोणी तिला जा म्हटलं नाही, याची खास नोंद घ्यावी. अशा कामांत सक्ती कधीच नसते. मग नव्या नवरीला रिकाम्या ओटीने पाठवत नाहीत. उन्नतीची ओटी भरली: खण, तांदूळ, नारळ. जावयाला टॉवेल. वाडीतून केळ्यांचा अख्खा घड, तोही हिरवा, आणि पाटावर उभा केला तर हिराच्या खांद्याला लागेल असा. निघताना कृष्णकांतने आठवणीने विचारलं, "समुद्रावर जाऊन येता ना?" कमलाकांतने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "आता ऊन झालं. तारापूरला बघू."

तारापूरला आत्या होती. ती ऐंशीच्या पुढची, तिला ऐकू येत नाही, त्यामुळे हॉर्नचा प्रश्न नव्हता. पण कृष्णकांतने फोन केला होता. आत्या ओट्यावर हळदीकुंकू घेऊनच बसलेली. पुन्हा ओटी, पुन्हा नारळ, वर दोन लांबलचक दुधी आणि शेवग्याच्या शेंगांची मोळी. आत्याची सून माहेरी गेलेली असल्यामुळे हिरा तिथेही आत गेली. स्वयंपाकघराला मागे खिडकी होती. भांडी विसळता विसळता तिने उन्नतीला हाक मारली. "ऐक ना. आवाज येतो बघ." उन्नतीने कान दिला. माडांच्या मागून समुद्राचा आवाज खरंच येत होता. "चल ना मम्मी, पाच मिनिटं जाऊन येऊ," उन्नती म्हणाली. तेवढ्यात बाहेरून कमलाकांत ओरडला, "चला, चला! उशीर होतोय! समुद्र बघायचाय ना?" हिराने हात पुसले आणि ती सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. तिला फार राग आला होता. तो कोणाला दिसला नाही, कारण तिच्या मांडीवर दुधी होते.

मग परत बोईसर. फाटक, रिक्षा, स्टेशनचा पूल, चौकात हिंदीत भांडणारे दोन टेम्पोवाले. तिथून कुंभवलीच्या बाजूने काचा वर करून कारखान्यांच्या मधून खाली नवापूर. इथे नातेवाईक नव्हते. इथे मित्र होता, जे अधिक गंभीर आहे. शांताराम कमलाकांतबरोबर भांडारात पंचवीस वर्षं होता. घरच्या होड्या, दारात बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, बायको चंद्रकांता बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी आणि आवाजाने तो बाजार चालवणारी. जेवल्याशिवाय सुटका नव्हती. पापलेट, कोलंबी, तांदळाची भाकरी. निमेशने वसईची अब्रू राखली आणि तीन वेळा वाढून घेतलं. जेवण झालं, पुरुषांनी सुपारी कातरली, भांडारातला जुना साहेब किती नालायक होता याची उजळणी झाली, आणि चार वाजले.

"अरे बापरे, केळवे!" कमलाकांत उठला. "सूर्यास्त केळव्यालाच बघायचा. तिथला सूर्यास्त प्रसिद्ध आहे."

सुक्या बोंबलांचं पोतं गाडीत चढवणं हे सोपं काम नव्हतं. त्यासाठी केळ्यांचा घड उभा करावा लागला; तो डाव्या दाराला असा टेकला की ते दार उघडणं दिवसभरासाठी बंद झालं. नारळ पायांशी. दुधी घडाला टेकून. वासामुळे उन्नती पुढे नवऱ्याशेजारी बसली. कमलाकांत उजव्या दाराने आत शिरला, पोत्याला कोपराने रेटलं, दार लावलं आणि म्हणाला, "हां, चला."

वाटेत कमलाकांतला आपल्या कर्तबगारीचं भरतं आलं. पालघर आलं तेव्हा तो घडाच्या पलीकडे तोंड करून म्हणाला, "हिरा, आज तुझी इच्छा पुरी होणार बघ." हिरा काही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात कमलाकांतने तिच्या न बोलण्याचे तीन प्रकार ठरवले होते: 'हो', 'असू दे' आणि 'घरी गेल्यावर बघते'. हे त्याने पहिल्यात जमा केलं. पुढे केळव्याशेजारच्या माहीमच्या पानवेलींच्या वाड्या लागल्या, तेव्हा म्हणाला, "ही हिरवळ बघ! डोळे निवतात की नाही?" डोळे निवले असावेत. नंतर त्याला जरा डुलकी लागली.

केळव्याला गाडी लावायला जागा मिळेपर्यंत सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. तिघं धावत सुटले. "मम्मीला घे गं!" कमलाकांत पळता पळता म्हणाला, उन्नती म्हणाली, "तुमच्याबरोबर होती ना!", आणि गर्दीत घोडागाडी मध्ये आल्यामुळे हा विषय तिथेच संपला.

सुरूचं बन ओलांडून ते किनाऱ्यावर आले आणि थांबले. समुद्र नव्हता. ओहोटी पूर्ण लागली होती. ओल्या वाळूचं करडं मैदान लांबच्या लांब पसरलेलं, त्यावर मोटारसायकली फिरत होत्या, आणि पार टोकाला एक चकाकती रेघ होती ती समुद्र असल्याचं भेळवाल्याने सांगितलं. किनाऱ्यावर जन्म गेलेल्या कमलाकांतने भरती-ओहोटीची वेळ बघितली नव्हती. ती बाहेरच्यांनी बघायची असते.

तरी फोटो काढले. निमेशने वाळूवर उकिडवं बसून असा कोन साधला की, डबक्याचा समुद्र झाला. कमलाकांतने दोन्ही हात पसरले. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, 'हिराची इच्छा पूर्ण!' अशा शब्दांसह, आणि खाली लगेच अंगठे, फुलं आणि जोडलेले हात आले. कृष्णकांतने लिहिलं, 'छान! वहिनी खुश ना?' कमलाकांतने उत्तर दिलं, 'एकदम.' मग टपरीवर चार चहा सांगितले. तीन प्यायले गेले.

"मम्मी कुठे?" उन्नती म्हणाली.

गाडीत बघितलं. घड होता, दुधी होते, पोतं होतं, नारळ होते. चटई नव्हती. हिराला फोन लावला तर तो पोत्याखाली, पर्समध्ये वाजू लागला. कमलाकांतचं तोंड एवढंसं झालं. एवढ्यात त्याच्याच फोनवर शांतारामचं नाव आलं.

"अरे, तुमी वहिनीला इथंच ठेवून गेले रे! मघापासून लावतो, तुझा फोन लागत नाय."

"ती तिकडे काय करते?"

"काय करते म्हणजे? मागच्या दारी दगडांवर चटई टाकून बसलीय. जेवणानंतर चंद्रकांताच बोलली तिला, भांड्यांना हात लावायचा नाय, जा, मागं वारा हाय. तवापासून हाललीच नाय बाय."

"तिला फोन दे." कमलाकांतला रडू येईल असं वाटलं, आणि ते का, हे त्याला नीट कळेना. "हिरा? अगं, आम्ही निघतोय. तासाभरात पोचतो. भ्यायलीस का गं?"

पलीकडून आधी नुसतं वारं ऐकू आलं. मग हिरा म्हणाली, "नाय. तुमचा हॉर्न ऐकला मी जाताना."

"मग हाक नाही मारलीस?"

"अहो, हा पार पायाशी होता. आता मागे गेलाय. जाताना बघितला मी त्याला. येताना बघते आणि मग घरी येते. मध्यरात्रीपर्यंत येईल, चंद्रकांताबाय म्हणते. तुम्ही उद्या या. आणि हॉर्न वाजवू नका."

फोन बंद झाला. चौथा चहा गार झाला होता.

आता काही वाचकांची तक्रार अशी येईल की, सांगणाऱ्याने हिरा मागे राहिल्याचं लपवून ठेवलं. ही तक्रार दाखल करून घेता येत नाही. डावं दार उघडत नव्हतं, हे सांगितलं होतं. उजव्या दाराने एकटा कमलाकांत आत शिरला, हेही सांगितलं होतं. नवापूर सुटल्यापासून केळव्यापर्यंत ती बाई एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही यात तुम्हालाही काही वेगळं वाटलं नाही.