दोन गुरूंचा करार

समन्वयक बाई सकाळी आरशासमोर उभ्या राहून एकच वाक्य घोकत होत्या. "तुमच्या ज्या काही अडचणी असतील त्या मोकळेपणाने सांगा, इथे तुम्हाला कोणी हसणार नाही." वाक्य चांगलं होतं. म्हणताना चेहरा कसा ठेवायचा, ते मात्र जमत नव्हतं. हसून म्हटलं तर थट्टा वाटे आणि गंभीरपणे म्हटलं तर कोणाच्या तरी घरी सांत्वनाला गेल्यासारखं वाटे.

शेजारी नवरा दाढी करत होता. तो विमा कंपनीत होता. समोरच्याने काहीतरी लपवलंय असं धरून प्रश्न विचारायची त्याला नोकरीने सवय लावली होती, आणि ती सवय तो कामाच्या पिशवीबरोबर घरी घेऊन येई.

"कोणाच्या अडचणी?" त्याने विचारलं.

"अहो, पाहुण्यांच्या. ते परदेशातलं विद्यापीठ नाही का, ज्यांना आम्ही मदत करतोय? त्यांची दोन माणसं येतायत आज."

"आपल्याला अडचणी आहेत हे त्यांना तरी माहीत आहे का?"

"माहीत नसायला काय झालं? करारच त्यासाठी केलाय."

"तू विचारलंस त्यांना?"

"असं कोणी विचारतं का? तोंडावर? की बाबांनो, तुमचं विद्यापीठ दुबळं आहे ना, म्हणून?"

नवऱ्याने आरशात बघत हनुवटी वर केली आणि वस्तरा फिरवला. बायकोला तो ओळखून होता. मागे एक गृहस्थ चुकून त्यांच्या घरी आले होते. त्यांना वरच्या मजल्यावर जायचं होतं. बाईंनी त्यांना अर्धा तास बसवून चहा पाजला, त्यांच्या मुलीच्या लग्नाची हकीकत ऐकली आणि "पुन्हा या" म्हणून निरोप दिला. हे कोण होते, असं नवऱ्याने विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मी कसं विचारणार? इतक्या आपुलकीने बोलत होते."

कराराची जन्मकथाही साधारण अशीच होती. बाईंच्या विद्यापीठाचे कुलगुरू कुठल्याशा परिषदेत दुसऱ्या एका कुलगुरूंच्या शेजारी जेवायला बसले. दोघांनी एकमेकांना आग्रह करकरून वाढलं, आणि जेवण संपेपर्यंत सहकार्याचा करार पक्का झाला. एक देणगीदार संस्था अशा करारांना निधी द्यायची. अट एकच. भक्कम विद्यापीठाने दुबळ्या विद्यापीठाची घडी बसवून द्यायची. कुलगुरूंनी परत येऊन जाहीर केलं की, "एका धडपडणाऱ्या संस्थेला आपण हात देतो आहोत." दोन टेबलं आणि एक मोठी खिडकी असलेला सहकार्य कक्ष निघाला आणि बाई त्याच्या समन्वयक झाल्या.

त्याआधी त्या परीक्षा विभागात होत्या. तिथे खिडकी नव्हती, परीक्षा नियंत्रक होते. निघताना बाई त्यांना भर कार्यालयात म्हणाल्या होत्या, "आता या खोलीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही." उभ्या जन्मात त्या एवढंच एक तोडून बोलल्या असतील. आता उद्या देणगीदार संस्थेचे निरीक्षक येणार होते. त्यांचं समाधान झालं तर करार पुढे चालू. नाही झालं तर कक्षाला कुलूप, आणि बाईंनी ते शब्द गिळून पुन्हा त्याच खोलीत जायचं.

त्यात, बाई कक्षात पोचल्या तेव्हा परीक्षा नियंत्रक खिडकी मोजत होते.

"काही नाही, सहज," ते फीत गुंडाळत म्हणाले. "पडदा कुठला शोभेल ते बघत होतो."

पाहुणे वेळेवर आले. एक उंच प्राध्यापक होते, दारातून आत येताना सवयीने वाकणारे. दुसरे गोल चेहऱ्याचे ग्रंथपाल. कुलगुरूंनी स्वागत केलं, पाणी दिलं, आणि बाईंनी घसा साफ करून चेहरा ठरवायला घेतला. तेवढ्यात उंच प्राध्यापकच उभे राहिले आणि मायेने म्हणाले, "सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या ज्या काही अडचणी असतील त्या अगदी मोकळेपणाने सांगा. आम्ही हसणार नाही."

बाईंचं वाक्य घशातच राहिलं. बिचारा गांगरला असेल, त्यांना वाटलं. परक्या ठिकाणी माणसाचं होतं असं. त्या म्हणाल्या, "हो, हो. नक्की."

मग कुलगुरूंनी आपल्या प्रवेशपद्धतीचं प्रात्यक्षिक दाखवलं. पाहुण्यांना शिकवायचं ते सर्वोत्तम असं शिकवावं, म्हणून हीच निवडली होती. विद्यार्थ्याने पहिल्या खिडकीवर अर्ज घ्यायचा, दुसऱ्या खिडकीवर तो तपासून घ्यायचा, तिसऱ्या खिडकीवर दुसऱ्या खिडकीने तो तपासल्याची खात्री करून घ्यायची, आणि असं करत सातव्या खिडकीशी पोचायचं. कुलगुरू छडीने भिंतीवरच्या तक्त्यातला एकेक बाण दाखवत होते. पाहुणे भराभर लिहून घेत होते, आणि त्यांचे चेहरे उतरत चालले होते.

"हे सगळं एका विद्यार्थ्याला करावं लागतं?" प्राध्यापकांनी हळूच विचारलं.

"प्रत्येकाला," कुलगुरू अभिमानाने म्हणाले. "आमच्याकडे भेदभाव नाही."

ग्रंथपालांनी बाईंकडे वळून खालच्या आवाजात म्हटलं, "हे असं उघड करून सांगायला धैर्य लागतं हो." बाईंना गहिवरून आलं. किती शिकायची तळमळ आहे, त्यांच्या मनात आलं.

दुपारी ग्रंथपाल बोलले. त्यांनी आपल्या ग्रंथालयाची शिस्त सांगितली. पुस्तक बाहेर द्यायचं तर तीन जणांची समिती बसायची आणि वाचकाला हे पुस्तक कशाला हवंय, याची चौकशी करायची. "गेल्या वर्षभरात आमचं एकही पुस्तक हरवलेलं नाही," ते छाती पुढे काढून म्हणाले.

"बाहेर किती गेली?" कुलगुरूंनी विचारलं.

"चार."

कुलगुरूंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते उठून ग्रंथपालांजवळ गेले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "होईल. सगळं होईल हळूहळू. आम्ही आहोत ना."

ग्रंथपाल जरा बुचकळ्यात पडले, पण पाहुण्याने यजमानाचा हात झटकणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प बसले. चहाच्या वेळी बशीत एकच बिस्किट उरलं. प्राध्यापकांनी ते कुलगुरूंपुढे सरकवलं, कुलगुरूंनी प्राध्यापकांपुढे. "तुम्ही घ्या, तुम्हाला जास्त गरज आहे," असं दोघंही इतक्या कळवळ्याने म्हणत राहिले की चहा निवला आणि बिस्किट तसंच राहिलं.

संध्याकाळी परीक्षा नियंत्रकांनी बाईंना व्हरांड्यात गाठलं. "बाई, एक सांगू? ते शिकायला नाही आलेले. तुम्हाला शिकवायला आलेत."

"काहीतरीच तुमचं."

"त्या उंच माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, इतकी वर्षं तुम्ही इथे टिकलात कसे? आवाज असा, की मी आजारीच आहे."

बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो निवांतपणे भाजी निवडत होता. "अगं, फोन कर आणि विचार सरळ. मदत कोण करतंय, तुम्ही का आम्ही."

"आणि ते म्हणाले, आम्ही, तर? एवढा दिवसभर पाहुणचार केला, आता त्यांना ओशाळं करू?"

"मग उद्या निरीक्षक विचारील."

"ते उद्याचं उद्या," बाई म्हणाल्या, आणि रात्रभर कूस बदलत राहिल्या.

निरीक्षक म्हणजे एक किरकोळ अंगाचा, थकलेला माणूस होता. त्याने चहा नको म्हटलं, खुर्ची ओढली आणि बॅग मांडीवर ठेवून विचारलं, "यातलं मदत करणारं विद्यापीठ कोणतं?"

"आम्ही," कुलगुरू आणि उंच प्राध्यापक एकदमच म्हणाले.

बाई टेबलावरच्या फडक्याची घडी करू लागल्या. घडी झाली, तशी उलगडून पुन्हा करू लागल्या.

"म्हणजे काल तुम्ही जे लिहून घेत होतात ते..." कुलगुरू सावकाश म्हणाले.

"तुमच्या उणिवा," प्राध्यापक अदबीने म्हणाले. "आणि तुम्ही आमच्या ग्रंथपालांच्या पाठीवरून जो हात फिरवलात..."

"धीर देत होतो."

दोघांचेही कान लाल झाले. निरीक्षकाला मात्र याचं काहीच वाटलं नाही. "हरकत नाही," तो म्हणाला. "कोणीतरी एकाने दुबळं व्हा, म्हणजे झालं. नवे संगणक, ग्रंथालयाची इमारत, वाढीव कर्मचारी हे सगळं दुबळ्या विद्यापीठाला मिळेल. भक्कम विद्यापीठाला प्रशस्तिपत्र."

कुलगुरूंनी खुर्ची पुढे घेतली.

"तसं बघायला गेलं तर," ते म्हणाले, "आमच्या त्या सात खिडक्यांत विद्यार्थ्यांचे फार हाल होतात."

"खिडक्या तरी आहेत तुमच्याकडे," प्राध्यापक म्हणाले. "आमचं छप्पर गळतं."

"आमचंही गळतं. दोन मजल्यांवर गळतं."

"आमच्याकडे दुसरा मजलाच नाही."

कुलगुरू असे हार मानणारे नव्हते. त्यांनी दाराकडे बोट केलं. तिथे परीक्षा नियंत्रक हातात फीत घेऊन उभे होते. "यांना बघा. आमचे परीक्षा नियंत्रक. गेल्या वर्षीचे निकाल अजून लावतायत."

नियंत्रकांचा चेहरा पडला. पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. "त्याच्या आधीच्या वर्षाचेही थोडे राहिलेत," ते नम्रपणे म्हणाले.

ग्रंथपाल उठले. ज्या शिस्तीचा त्यांना काल अभिमान होता, तिच्याबद्दल आता ते पडेल आवाजात म्हणाले, "आमच्या समितीने मलाच पुस्तक नाकारलंय. दोनदा."

हे असं बराच वेळ चाललं. काल जे जे मिरवलं होतं ते ते आज दोन्ही बाजूंनी काढून मातीत टाकलं. निरीक्षकाने शेवटी घड्याळ पाहिलं आणि बॅगेचा बंद ओढला. "दोघंही इतके दुबळे असाल तर कोण कोणाला हात देणार? करार बंद करावा लागेल मला." आणि तो उठला.

नियंत्रकांची नजर खिडकीकडे गेली. ती नजर बाईंनी पाहिली. ती बिनखिडकीची खोली, ते आपलं जुनं टेबल आणि समोर बसून "या, या बाई" म्हणणारे हे गृहस्थ, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पाहुणा उठल्यावर त्याला दारापर्यंत पोचवायचं एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी दारापर्यंत जाऊन दार लावून घेतलं.

"बसा," त्या निरीक्षकाला म्हणाल्या. "आम्ही दोघंही दुबळे आहोत ना? मग दोघांनाही शिकवील असं तिसरं विद्यापीठ शोधू. भक्कम असलेलं. आम्ही दोघं मिळून शिकू."

निरीक्षक बसला. बहुधा त्याला कोणी असं 'बसा' म्हटलेलं नसावं. "शोधणार कोण?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"मी शोधीन. पण त्यासाठी कक्ष लागेल," बाई म्हणाल्या. "खिडकीसकट."

नियंत्रकांनी फीत खिशात घातली.

तिसरं विद्यापीठ शोधायला बराच काळ गेला, पण मिळालं ते मोठं नावाजलेलं. त्यांच्या कुलगुरूंनी पहिल्याच पत्राला होकार कळवला. मग एक दिवस कक्षात संगणकाच्या पडद्यावर तिन्ही विद्यापीठं समोरासमोर आली. एका चौकोनात उंच प्राध्यापक आणि ग्रंथपाल होते. दुसऱ्या चौकोनात त्या मोठ्या विद्यापीठाची पाच माणसं ओळीने बसली होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता.

"आम्ही तुमची किती वाट पाहत होतो," त्यांच्या कुलगुरू बाई म्हणाल्या.

बाईंचे कुलगुरू आभाराचं भाषण काढू लागले. बाईंनी त्यांच्या बाहीला हात लावून त्यांना थांबवलं. "माफ करा हं," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "आधी एक विचारते. आपल्यात शिकवणार कोण?"

पडद्यावरचे पाचही जण एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्या कुलगुरू बाईंचं हसू हळूहळू मावळलं. "आम्हाला तर पत्रावरून वाटलं की दोन अनुभवी विद्यापीठं मिळून आमची घडी बसवून देणार आहेत," त्या म्हणाल्या. "आम्ही वह्या घेऊनच बसलोय."

कुलगुरूंनी बाईंकडे पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "निरीक्षकांना आत्ताच कळवायला नको." पलीकडच्या चौकोनात उंच प्राध्यापकांनी टाय सरळ केला, आणि ग्रंथपाल छाती पुढे काढून बसले.

बाई खुर्चीत सावरून बसल्या. इतके दिवस घशात राहिलेलं वाक्य त्यांना आठवलं. चेहरा कसा ठेवायचा, याचा विचारही त्यांना करावा लागला नाही.

"तुमच्या ज्या काही अडचणी असतील," त्या म्हणाल्या, "त्या मोकळेपणाने सांगा. इथे तुम्हाला कोणी हसणार नाही."