अहो म्हटलं की येतो

घड्याळजींचं कुत्रं हरवलं, आणि त्यात दोष सर्वस्वी घड्याळजींचा होता. फाटक त्यांनीच उघडं टाकलं होतं.

कुत्र्याचं नाव सरदार. हे नावही घड्याळजींनीच ठेवलेलं, पण कुत्र्यानं त्याला कधी भीक घातली नाही. कारण डोळ्याला भिंग लावून घड्याळजी कामाला बसले की त्यांना जगाचा विसर पडे. बायको स्वयंपाकघरातून हाक मारी, "अहो, चहा!" घड्याळजी ढिम्म. पुन्हा "अहो!" तरी ढिम्म. तिसऱ्या हाकेला सरदार शेपूट हलवत हजर होई आणि नवऱ्याच्या वाटचं बिस्किट त्याला मिळे. पाच वर्षं हेच चाललं होतं. आपलं नाव 'अहो' आहे, याबद्दल त्या मुक्या जनावराला काडीचीही शंका उरली नव्हती.

त्यात बायकोचा घसा बसलेला. ती शाळेत बाई होती. साठ पोरांकडून कवायत करून घेता घेता आवाज पार गेला, आणि दोन दिवस घरात हाक म्हणून उठली नाही. सरदार कान टवकारून बसून राही. आज मात्र तो फाटकातून पसार झाला.

"हाक मारा ना!" बाई घशातल्या घशात म्हणाल्या.

"सरदाऽर!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "त्या नावानं येणार आहे का तो? अहो म्हणा, अहो!"

"मी? भर रस्त्यात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला माझं कुत्रं हवंय." बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते मात्र घड्याळजींना भिंगाशिवायही दिसलं. ते तसेच निघाले, अनवाणी.

पहिली 'अहो' त्यांची त्यांनाच ऐकू आली नाही. दुसरी जरा बरी झाली. तिसऱ्यांदा त्यांनी लाज सोडली आणि ते बायकोसारखा हेल काढून ओरडले, "अहोऽऽ!" तशी सलूनमधून एक गृहस्थ "आलो, आलो!" करत अर्ध्या दाढीनिशी बाहेर पडले. वरच्या गॅलरीतून कुणीतरी केविलवाण्या आवाजात म्हणालं, "अगं, पिळतोच आहे कपडे!"

पोस्टमननं सायकल थांबवली. "काका, कुणाला शोधताय?"

"कुत्र्याला."

"मग त्याला अहो-जाहो कशाला करताय?"

याला उत्तर द्यायला घड्याळजींकडे वेळ नव्हता. दोन गल्ल्या पालथ्या घातल्या, पाय पोळले. मागच्या गल्लीत एका दारात सरदार दिसला. समोर दुधाची वाटी, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून घरमालकीण.

"कुत्रा आमचा आहे," घड्याळजी धापा टाकत म्हणाले.

"कशावरून? मी आमच्या ह्यांना हाक मारली, तर हा आला. हे अजून यायचेत. तुमचा असेल तर नावानं बोलवा बघू."

"सरदार!"

सरदारनं वाटीतून तोंडही वर काढलं नाही. घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते बारीक आवाजात म्हणाले, "अहो..."

सरदार झेपावला आणि त्यांचं तोंड चाटू लागला. त्याच वेळी आतून आवाज आला, "आलो गं! किती वेळा ओरडशील?"

घरमालकीण सुस्कारा टाकून म्हणाली, "चार दिवस ठेवून जाता का हो याला? बघून बघून आमच्या ह्यांनाही वळण लागेल."

घड्याळजींनी सरदारला उचललं ते थेट घराजवळच्या कोपऱ्यावरच खाली ठेवलं. बाई फाटकात उभ्या होत्या. दोघांना बघताच त्यांनी होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला, "अहो!"

आवाज फुटका होता, पण दोघेही धावले. सरदार चार पायांचा, तो आधी पोचला. बाईंनी त्याला थोपटलं आणि गुडघ्यानं हळूच बाजूला सारलं.

"तू नाही रे, हे."

"मी?"

"तो काय, भूक लागली की वास काढत आला असता. तुम्हाला कुठला रस्ता ठाऊक आहे? माझ्या जिवाला घोर लागला होता." मग त्यांच्या मळलेल्या पायांकडे बघत त्या कुजबुजल्या, "पण आलात हो. चक्क पहिल्या हाकेला!"

बाईंनी आतून बिस्किट आणून घड्याळजींच्या हातावर ठेवलं. ते बायकोशेजारी पायरीवर टेकले, आणि त्यांच्या बिस्किटासाठी सरदार मधे घुसून बसला.