उजवा हात व कोळशाच्या रेघा यांची हकीकत

श्रीकुलदेवतेचें स्मरण करून, स्वामींनी पुसिलें त्याचें उत्तर लिहितों ऐसें की, शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, श्रावण शुद्ध तृतीयेस न्यायसभेची तारीख नेमिली होती. ते दिवशी प्रातःकाळी वैजयंताबाई उठल्या आणि दूध तापविलें आणि वाटेच्या शिदोरीस पोळ्या लाटिल्या आणि हातच्या सवयीने तिळाच्या तेलाची वाटी शेगडीवर ठेविली, मग आठवण होऊन ती उतरविली आणि शेगडी विझविली. कारण ऐसें जे, पांच वर्षांमागे राज्याच्या सूतिकागृहीं बाईंची कन्या चैत्रा जन्मास येते समयीं खांदा अडला आणि घाईने मस्तक ओढिलें आणि मानेतील मज्जातंतू ताणले जाऊन उजवा हात लुळा पडिला. दप्तरी मात्र 'प्रसूती सुखरूप' इतकेंच लिहिलें. मग बाईंनी भरपाईचा दावा मांडिला, आणि रोज तेल चोळून हात वर नेत गेल्या, आणि जेथवर पोंचेल तेथें स्वयंपाकघराचे भिंतीस कोळशाची रेघ ओढून तारीख घालीत गेल्या. त्या राज्याची रीत ऐसी की, नेमिल्या दिवशी राजवैद्यांनी हात मापावा, आणि तो जितका कमी उचलला जाईल तितकी भरपाई अधिक. सबब वकील रामतीर्थकर बोलिले होते, "ताई, तारखेपर्यंत तेलबिल बंद. हात खाली, तर दावा वर. आणि त्या भिंतीला चुना मारून टाका." बाई म्हणाल्या, "आखडेल हो तो." वकील म्हणाले, "चोळायला पुढं आयुष्य पडलंय. पोरीच्या भल्याचंच सांगतोय." तेंही खोटें नव्हतें, पुढील उपचार द्रव्यावांचून अडले होते. मग बाईंनी अठरा दिवस तेल बंद ठेविलें. चुना आणविला, परंतु भिंतीस लावविला नाही.

शेगडी विझली इतक्यांत चैत्रा न्हाऊन आली आणि भिंतीशी उभी राहून बोलिली, "परवा पंचमी. शेजारची शमा म्हणते, एका हातानं फुगडी होत नाही, नुसती भोवळ येते. बघ, मी उचलते." मग तिने ओठ दाबून हात उचलिला, तो शेवटल्या रेघेच्या दोन बोटें खाली थांबला. तिने वर पाहिलें आणि पुसिलें, "आई, रेघ वर सरकवलीस?"

बाईंनी शेगडी पुन्हा पेटविली आणि तेल कोमट केलें आणि मानेपासून बोटांपर्यंत चोळिलें, आणि कोळसा घेऊन, हात थांबला होता तेथेंच, जुन्या रेघेखाली नवी रेघ ओढिली आणि तारीख घातली, आणि मग मुलीस घेऊन सभेस गेल्या. राजवैद्यांनी हात मापिला आणि रीतीप्रमाणें पुसिलें, "मालिश होते का?" वकिलांनी मेजाखाली बाईंचा पाय दाबिला. बाई म्हणाल्या, "रोज होते. मधले अठरा दिवस मीच केली नाही. तेही लिहा." बाहेर आल्यावर वकील हळू बोलिले, "काय केलंत हे, ताई!" बाई म्हणाल्या, "त्यांनी घालवलं तेवढंच मागते, साहेब. मी घालवलेलं नको."

येणेंप्रमाणें जाहलें. निवाडा पुढील तारखेवर राहिला, पंचमी दोन दिवसांवर होती, आणि त्याच सांजेस तेल पुनः तापलें.