घड्याळजींची नाडी

परीक्षा तोंडावर आली होती आणि घड्याळजींची नाडी काही साठावर यायला तयार नव्हती.

"चोपन्न!" शिकाऊ नर्सनं त्यांचं मनगट सोडलं आणि ती खाटेच्या कडेवर मटकन बसली. "काका, मेले मी."

"अगं, चोपन्न माझे आहेत. मरायचंच तर मी मरेन," घड्याळजी म्हणाले. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त करून आता ते स्वतःच हृदयाच्या वॉर्डात दुरुस्तीला आले होते.

तिनं सगळं सांगितलं. परीक्षक बाई काकांची सकाळची गोळी तिला द्यायला लावणार होत्या. ही गोळी म्हणजे हृदयाच्या दारावरचा रखवालदार. माणूस घाबरला किंवा चिडला, की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, धावत येऊन दार ठोठावतं आणि हृदय धडधडायला लागतं. गोळी त्याला दारातच अडवते. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, हृदयाला जरा उसंत मिळते. पण नाडी आधीच साठच्या खाली असेल, तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं.

"आणि गोळीच दिली नाही तर परीक्षेत दाखवू काय, कप्पाळ? दोनदा नापास झालेय. या खेपेला गेले की बाबा थेट घरी घेऊन जाणार."

हे ऐकून शेजारच्या खाटेवरचे ठेकेदार ताडकन उठून बसले. आज त्यांना घरी सोडणार होते, त्यामुळे अंगात नको तेवढा उत्साह होता. "साठ म्हणजे काय, शंभर करून देतो! घड्याळजी, चिडा!"

"कोणावर?"

"माझ्यावर! तुमच्या दुकानातलं घड्याळ नेलं होतं मी. भंगार निघालं, भंगार!"

"पावती आणलीय का?" घड्याळजींनी मायेनं विचारलं.

नाडी चोपन्न. मग ठेकेदारांनी खाटेखालचं स्टीलचं भांडं उचलून फरशीवर आदळलं. अख्खा वॉर्ड दचकला, समोरच्या आजोबांनी पांघरूण डोक्यावर घेतलं, बाहेरून दोघं वॉर्डबॉय धावत आले. घड्याळजी म्हणाले, "काहीतरी पडलं वाटतं."

तेवढ्यात घड्याळजींच्या घरून काकू डबा घेऊन आल्या. ठेकेदारांनी त्यांना बाजूला घेतलं. "वहिनी, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. यांना काहीतरी भयंकर सांगा."

काकूंनी क्षणभर विचार केला. "अहो, माझा भाऊ आलाय. सहकुटुंब. वर्षभर राहणार म्हणतोय."

"बरं झालं. घर भरल्यासारखं वाटेल."

काकूंच्या हातातला डबाच सुटायचा राहिला. "अगं बाई! लग्न झाल्यापासून माझ्या भावाबद्दल हे एकही चांगला शब्द बोललेले नाहीत. सिस्टर, ही गोळी घरी जन्मभर चालू ठेवता येईल का हो?"

कालच्या गोळीचा रखवालदार दारात अजून ठाण मांडून बसलेला. त्याच्यापुढे भांडं काय आणि मेव्हणा काय! त्यातच परीक्षक बाई आल्या.

"नाडी मोज. पूर्ण मिनिटभर."

मुलीनं मनगट धरलं. घड्याळजी ओठ न हलवता पुटपुटले, "बासष्ट म्हण. कोण बघतंय?" तिचे डोळे भरून आले. एक आकडा, आणि बाबांबरोबर घरी जायची पाळी टळत होती.

"चोपन्न," ती म्हणाली. "गोळी देणार नाही, बाई. डॉक्टरांना कळवते." आणि तिला रडू आवरेना.

बाईंनी स्वतः नाडी मोजली. "चोपन्नच. अगं, रडतेस कशाला? मागच्या दोन्ही वेळा पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलंस, साठ काढलेस आणि गोळी द्यायला निघालीस. दरवेळी मुद्दाम असाच मंद नाडीचा पेशंट देतेय तुला. पास!"

काकूंनी तिला मिठीच मारली. घड्याळजींनाही अतिशय आनंद झाला. "मला अतिशय आनंद झालाय," असं त्यांनी सांगितलं, म्हणून तो कळला. ठेकेदार मात्र दोन खाटांच्या मध्ये चक्क नाचायला लागले.

बाईंनी चष्मा वर केला. "यांना आज सोडायचंय ना? यांचीही घे."

ठेकेदारांनी हसत हसत हात पुढे केला आणि तिला डोळा मारला. मिनिट संपलं.

"एकशे चोवीस."

"सुट्टी रद्द," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना बोलाव."

ठेकेदार धपकन खाटेवर बसले. "अगं कृतघ्ने, नव्वद म्हणाली असतीस तर काय जीभ झडली असती?"

"नाही जमायचं हो काका," ती डोळे पुसत म्हणाली. "आत्ताच पास झालेय."