आठ मिनिटं शिळा सूर्य

आमच्या शेजारच्या भामरेनानांची बेल वाजवली की ते आधी दाराच्या भोकातून मला नीट बघतात आणि मग विचारतात, "कोण?" एकदा मी म्हटलं, "नाना, दिसलो ना मी?" आतून उत्तर आलं, "दिसलात. आहात का ते विचारतोय."

नाना ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. संशय घ्यायचा पगार मिळायचा, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्तीनंतर पगार थांबला, संशय चालू राहिला. हल्ली तर त्यांनी थेट सूर्यालाच धरलंय. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो. नाना विसरायला तयार नाहीत. "वर दिसतोय तो शिळा माल," म्हणतात. मेथीवालीने "ताजी हाय नाना" म्हटलं की, "बाई, इथं सूर्य ताजा मिळत नाही, तुझी मेथी कुठून ताजी?"

आमच्या शहरातल्या द्वारका चौकात मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. सिग्नल हिरवा झाला तरी नाना हलेनात. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. "हिरवा झाला होता," नाना शांतपणे म्हणाले, "आत्ता काय आहे कोण सांगणार?" तेव्हापासून मी रिक्षाने जातो.

सूर्यग्रहण जवळ आलं तसा मला मात्र नानांचाच संशय यायला लागला. ते एकच मुद्दा घोळवत होते, तोही स्वयंपाकघराकडे तोंड करून, मोठ्यांदा. "ग्रहण सुटलेलं आपल्याला दिसतं, त्याच्या आठ मिनिटं आधीच ते तिकडे सुटलेलं असतं."

हे साफ चूक होतं. उजेड सूर्यापासून निघतो हे खरं, पण त्याला अडवतो चंद्र, आणि चंद्र आपल्या अगदी दारात. मुंबईहून येणारी गाडी द्वारकेच्या जरा अलीकडे, आमच्याच शहरातल्या मुंबई नाक्यावर अडवली, नि मग सोडली, तर द्वारकेवर उभ्या असलेल्याला ती लगेच दिसते. तिथे मुंबईचं अंतर मोजायचं कारणच नाही. विमानाच्या भागातला केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाला हे कळू नये?

ग्रहणाच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. नानांनी गॅलरीत पिठाची चाळणी धरली होती आणि फरशीवर चाळणीच्या भोकाभोकातून चंद्रकोरीसारखे इवलेसे सूर्य पडले होते. आत तुळशीची पानं ठेवलेल्या भांड्यांजवळ नानांच्या पत्नी ताराकाकू जप करत बसल्या होत्या. काकूंना मधुमेह. सकाळची गोळी त्यांनी घेतली होती, कारण औषधाला ग्रहण लागत नाही. पोटात मात्र काही नाही, म्हणजे साखर उतरायची भीती. "सुटल्याबिगर पाण्याचा घोट घ्यायची नाय," हे त्यांचं ठरलेलं.

सुटायला थोडाच वेळ उरला होता. नानांनी आत डोकावलं. काकूंच्या कपाळावर घाम होता, माळेवरची बोटं थरथरत होती. नानांनी चाळणी कठड्यात अडकवली, साखरपाण्याचा आधीच करून ठेवलेला ग्लास आणला. "सुटलं गं. सूर्यावर केव्हाच सुटलं. बाहेर दिसतंय ते शिळं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "खरं का हो भाऊ? तुम्ही बँकेतली माणसं, खोटं नाय बोलणार."

मुंबई नाक्याची गाडी माझ्या अगदी ओठांवर आली होती. तेवढ्यात माझं लक्ष नानांच्या हाताकडे गेलं. काकूंच्या बोटांपेक्षा तो ग्लास जास्त हलत होता.

"खरंय काकू," मी म्हटलं. "नाना बरोबर सांगतायत."

काकूंनी देवाला हात जोडले आणि ग्लास रिकामा केला. फरशीवरच्या सूर्यांची कड अजून जराशी खाल्लेलीच होती. मला त्या क्षणी खोटं बोलल्याचं जराही वाईट वाटलं नाही.

काकूंचा घाम ओसरल्यावर आम्ही गॅलरीत येऊन बसलो. मी हळूच म्हटलं, "नाना, पण चंद्र तर..."

"चंद्रापासून सव्वाच सेकंद," नाना म्हणाले. "माहिती आहे मला."

त्यांनी कठड्यातली चाळणी काढून मांडीवर घेतली.

"मागच्या ग्रहणाला अशीच बसली होती. बरं वाटतंय ना, विचारलं. हसून मान हलवली तिने. मी बघितलं, माझं समाधान झालं, खाली जाऊन दूध घेऊन आलो. तर ही जमिनीवर पडलेली." त्यांनी चष्मा पुसला. "दिसत तर चांगली होती हो."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, बरं वाटतंय मला आता."

नाना तरीही उठून बघायला गेले.