पोटामागचा नंबर

"चार दिवसांत छडा लावतो! नाही लावला तर फोटो जमवणं सोडून देईन!"

रविवारच्या बैठकीत चष्मेवाल्यांनी टेबलावर अशी काही मूठ आपटली की दहा जणांचा चहा बशीत उतरला. अकरावा कप त्यांचाच होता, तो आडवा झाला.

चष्मेवाल्यांचं दुकान चष्म्यांचं, पण जीव अडकलेला आगगाड्यांत. मोठ्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांना हव्या असत आखूड लाईनी! खाणीपासून बंदराच्या धक्क्यापर्यंत, कारखान्यापासून गोदामापर्यंत, बसून घाम पुसेपर्यंत उतरायची वेळ येते अशा. त्या लाईनी कधीच उखडल्या गेल्या होत्या, उरले होते ते फोटो. असले फोटो जमवणारे गावात अकरा जण होते आणि अकरांपैकी दहा जण त्या दिवशी चष्मेवाल्यांना हसत होते.

कारणही तसंच होतं. खाण ते धक्का ही नऊ किलोमीटरची लाईन. तिच्यावर उभ्या जन्मात दोनच इंजिनं धावली. त्यातलं एक नंबरचं दुसऱ्याच वर्षी भंगारात गेलं, त्यामुळे त्याचा फोटो कोणाकडेच नव्हता. आणि चष्मेवाल्यांना नव्वद वर्षांपूर्वीचा एक फोटो मिळाला! इंजिन अगदी लख्ख दिसत होतं, आणि चष्मेवाल्यांच्या मते ते एक नंबरचंच होतं. पण नंबराच्या पाटीसमोर, नेमका तिथेच, एक मिशीवाला गृहस्थ पोट पुढे काढून उभा!

"दोन नंबरचंच आहे ते," निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले. "उगाच हवेत उडू नका."

म्हणून ती मूठ आपटली गेली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी फोटोची प्रत वर्तमानपत्राच्या कचेरीत पाठवली आणि जाहिरात घेणाऱ्या बाईंना फोन लावला.

"कोण आहेत हे?" बाईंनी विचारलं.

"तेच तर कळत नाही हो! ओळखणारं कोणी मिळालं, की पुढचं कळेल."

"शेवटचे कुठे दिसले?"

"इंजिनापुढे."

"अगंबाई! आणि वय…"

"नव्वद वर्षं झाली!" चष्मेवाले म्हणाले. ते फोटोचं सांगत होते.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "धीर सोडू नका."

सकाळी पेपर उघडला तर 'हरवले आहेत' या सदरात मिशीवाले गृहस्थ दिमाखात उभे! खाली मजकूर: 'वय नव्वद. शेवटचे इंजिनापुढे दिसले. बाबा, असाल तिथून परत या, कोणीही रागावणार नाही.' आणि त्याखाली दुकानाचा पत्ता.

"अहो," आत काचा घासत बसलेली बायको म्हणाली, "तुमचे बाबा तर आत्ताच नाश्ता करून फिरायला गेले ना?"

दुकान उघडायच्या आधीच दारात माणसं! एका बाईंनी गृहस्थांना काल बसमध्ये पाहिलं होतं. एकाने त्यांना आपल्या ओट्यावरून हाकललं होतं, आता त्याला पश्चात्ताप होत होता. तिसऱ्याने एक म्हातारा सोबतच आणला होता. म्हातारा म्हणत होता, "मी हरवलेलो नाही! मला घरी सोडा!"

तेवढ्यात हवालदार आले.

"नव्वद वर्षांचा माणूस इंजिनापुढे उभा, आणि तुम्ही त्याला ओढायचं सोडून फोटो काढलात?"

"मी नाही काढला! माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता!"

"साहेब," बायको मध्ये पडली, "नव्वद वर्षांचा फोटो आहे. माणूस तिशीचा."

हवालदारांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आज वय एकशेवीस! एकशेवीस वर्षांचा म्हातारा रस्त्यावर मोकाट फिरतोय आणि तुम्ही खुशाल चष्मे विकताय?"

ते वहीत लिहून घेऊन शोधायला निघून गेले. जाताना धरून आणलेल्या त्या म्हाताऱ्यालाही घरी सोडायला घेऊन गेले.

चष्मेवाले कपाळाला हात लावून बसले होते, तोच एक धिप्पाड बाई आत आल्या. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लोंबत होती.

"हे आमचे पणजोबा! आम्ही खाणीकडचे. इंजिन चालवायचे ते. आमच्या घरी भिंतीवर आहेत!"

चष्मेवाले उडालेच. ते तोंड उघडणार, तर दारातून आवाज आला, "कोणाचे पणजोबा? आमचे आहेत ते!"

दारात एक बेकरीवाले उभे होते, कोपरापर्यंत पिठाने माखलेले. "आम्ही धक्क्याकडचे. घरी फोटो आहे, हीच मिशी!"

"इंजिनचालकाचं जिणं वाईट हो," शिवणवाल्या बाई ठामपणे म्हणाल्या. "एक दिवसाआड घरी यायचे बिचारे. पल्ला लांबचा ना!"

"आमच्याकडेही एक दिवसाआडच यायचे!" बेकरीवाल्यांना गहिवरून आलं. "पल्लाच तसा होता!"

इथे चष्मेवाल्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण आखूड लाईनीबद्दल कोणी चुकीचं बोललं की त्यांना राहवत नसे.

"छे, छे! लांब कसला? नऊ किलोमीटर! चाळीस मिनिटांत गाडी टोकाला! दिवसातून चार खेपा! मुक्कामाची गरजच नव्हती!"

आत काच घासण्याचं यंत्र एकदम थांबलं.

"म्हणजे…" शिवणवाल्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे…" बेकरीवाले म्हणाले. मग त्यांनी छाती पुढे काढली. "ते काही असो, आमच्या पणजीला त्यांनी पितळी पाटी दिली होती. 'तू माझी एक नंबर' म्हणून. पाटीवर एक कोरलाय!"

बाईंचा चेहरा उतरला. टेपचं टोक बोटाला गुंडाळत त्या पुटपुटल्या, "आमच्याकडेही आहे पाटी. दोनची. पणजी सांगायची, दोन म्हणजे आपण दोघं."

चष्मेवाल्यांनी टाळी वाजवली! "अहो, म्हणजे दोन्ही इंजिनांच्या पाट्या यांनीच उपटल्या! पोटामागे काहीच नाही! ते रिकामी जागा झाकत होते!"

चष्मेवाल्यांना वाटलं, निदान बाईंची समजूत तरी काढावी.

"ताई, मन लहान करू नका. दोन नंबरचं चांगलं टिकलं! एक नंबर तर दुसऱ्याच वर्षी भंगारात…"

"भंगार कोणाला म्हणता?" बेकरीवाल्यांनी त्यांची कॉलर धरली. पांढऱ्या पिठाची पाच बोटं सदऱ्यावर उमटली.

"सोडा त्यांना!" बायको बाहेर आली. तिने दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि नाकं निरखून पाहिली. "तुमचा चष्मा घसरतो का हो?"

"घसरतो," बेकरीवाले म्हणाले.

"आणि तुमचा?"

"सारखा!" बाई म्हणाल्या.

"घसरणारच. या नाकाला दांडाच नाही. फोटोतही बघा."

दोघांनी भिंगातून फोटो पाहिला, मग एकमेकांच्या नाकाकडे. बाईंना आधी हसू फुटलं. बेकरीवाल्यांनी दम धरला, पण तोही फार वेळ टिकला नाही. चहा झाला, नाती मोजून झाली, दोघांचे मिळून बावीस चुलत भाऊबहीण निघाले. आणि उठताना दोघांनी एकमताने फोटो उचलला! सहा महिने खाणीकडे, सहा महिने धक्क्याकडे!

"अहो, तो माझा…" चष्मेवाले धावले.

बायकोने त्यांचा सदरा झटकला. "पणजोबा कोणाचे? त्यांचे. जाऊ द्या आता."

रविवारी चष्मेवाले बैठकीला रिकाम्या हाताने गेले, भिंतीकडेची खुर्ची पकडून बसले. पण त्यांना कोणी काही विचारलंच नाही. सगळे बँक मॅनेजरांभोवती गोळा झाले होते.

"याच लाईनीवर मध्ये एक थांबा होता," मॅनेजर सांगत होते. "गाडी पाणी भरायला तिथे वीस मिनिटं थांबायची. त्याचा फोटो मिळाला मला. बघा!"

पाण्याची टाकी. टाकीपाशी तोच मिशीवाला. शेजारी लाजून हसणारी एक बाई, हातात चकचकीत पितळी पाटी. पाटीवर कोरलेलं: तीन.

"तिसरं इंजिन!" मॅनेजर ओरडले. "आजवर कोणालाच ठाऊक नव्हतं! इतिहास बदलला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आखूड लाईनीबद्दलची माहिती स्वतःजवळ ठेवली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.