सात झऱ्यांचं पाणी, सदतीस अंश

"सदतीस म्हणजे सदतीस! अर्धा अंश इकडे नाही, अर्धा तिकडे नाही!" असं म्हणून मार्सुदी मास्तर स्वतःच दचकले. उभ्या आयुष्यात इतक्या ठामपणे ते कधी बोलले नव्हते. जावा बेटावरच्या वोनोसोबोच्या शाळेत चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, तेही फळ्याकडे तोंड करून!

पण प्रश्न लेकीचा होता. किनांतीला सातवा महिना लागला होता. सात झऱ्यांचं पाणी आणून, रिवाजाप्रमाणे आधी वडिलांनी आणि मग वडीलधाऱ्या बायकांनी तिला अंगणात न्हाऊ घालायचं. आणि आमच्या डोंगरातले झरे म्हणजे बर्फाचे सख्खे भाऊ!

"बापाक, पाणी गार निघालं तर मी सगळ्यांदेखत उठून घरात जाईन हं!" किनांतीने वडिलांना बजावलं होतं.

मास्तरांनी वही उघडली. पाणी साठ लिटर, सतरा अंशांवर. वीस अंश चढवायला बाराशे किलोकॅलरी. या उंचीवर पाणी सत्त्याण्णवलाच उकळतं, सदतीसवर उतरताना ते लिटरमागे साठ देणार. म्हणजे उकळतं पाणी वीस लिटर. शिवाय तांब्याचं घंगाळही आपला वाटा पिणार! तांब्याची विशिष्ट उष्णता पाण्याच्या जेमतेम दहावा हिस्सा, तेव्हा तीस किलोच्या घंगाळासाठी आणखी एक लिटर.

ओतलं. ढवळलं. तापमापी बुडवली. सदतीस! मास्तरांना नाचावंसं वाटलं, पण कोणी बघेल म्हणून ते नुसतेच खाकरले.

तेवढ्यात शेजारच्या बू सुर्तिनाह, म्हणजे सुर्तिनाहकाकू, आल्या. पन्नास वर्षं उकळत्या तेलातून तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, भजी काढून त्यांची बोटं अशी झालेली, की त्यांना उकळत्याच्या खालचं सगळं गारच! त्यांनी बोट बुडवलं.

"छान आहे हो, मास्तर!" त्या गोड हसल्या.

यजमानाला तोंडावर 'तुमचं पाणी गार आहे' म्हणण्यापेक्षा जावाचं माणूस विहिरीत उडी घेईल. बू सुर्तिनाह मास्तरांची पाठ वळेपर्यंत थांबल्या आणि पोरीच्या काळजीने हळूच एक किटली उकळतं पाणी ओतून मोकळ्या झाल्या. मागून आलेल्या तिघींनीही, वाऱ्याने पाणी निवेल म्हणून, तेच केलं. चौघींनी बोट बुडवलं, चौघी 'छान आहे हो' म्हणाल्या, चार किटल्या रिकाम्या झाल्या!

मास्तरांनी तापमापी पाहिली. पंचेचाळीस!

"अगं, माझं गणित चुकलं की काय?" ते बायकोच्या कानात कुजबुजले.

"गणित नाही चुकलं. विचारा की त्यांना, कोणी ओतलं ते!" बू लास्मी म्हणाल्या.

"छे, छे! पाहुण्यांना कसं विचारायचं?"

पुन्हा वही. आठ अंश उतरवायला गार पाणी एकोणचाळीस लिटर. मास्तर मागच्या दाराने, चोरासारखे, बादल्या वाहू लागले.

इकडे बू सुर्तिनाहांनी पुन्हा बोट बुडवलं असतं तर त्यांना काहीच कळलं नसतं. पण बोट बुडवलं मागून आलेल्या तिघींपैकी बू पार्तिनींनी.

"अगं आई गं! माझ्याच किटलीने घात केला!" त्या मनात किंचाळल्या, आणि गुपचूप दोन बादल्या गार पाणी ओतून आल्या. पाठोपाठ बाकीच्या दोघींनाही आपापल्या किटलीचा पश्चात्ताप झाला. मागे राहायला नको म्हणून बू सुर्तिनाहही दोन बादल्या घेऊन आल्या. घंगाळ भरून वाहू लागलं, गुलाबाच्या पाकळ्या पार कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पोहोचल्या!

मास्तर शेवटची बादली ओतून वाकले. सत्तावीस! त्यांनी घाईघाईने वही काढली, तोच ध्वनिक्षेपक गरजला, "वडिलांनी पहिलं पाणी घालावं!"

करवंटीची पळी भरली. किनांती फुलांची जाळी पांघरून बसली होती. वर डोंगरवारा सुटलेला. मास्तरांनी डोळे मिटले आणि पाणी ओतलं.

किनांतीचे डोळे कपाळात गेले. मास्तर ती उठायची वाट बघू लागले. चौघी बायका आपापल्या बादल्या आठवून श्वास रोखून उभ्या राहिल्या.

किनांतीने दातांवर दात दाबले. हसली.

"छान आहे हो, बापाक!"

आणि त्याच क्षणी ओल्या बातिक वस्त्राखाली पोट असं काही उसळलं, की मास्तरांच्या हातातली करवंटी उडून थेट घंगाळात पडली! आतून बाळाने सणसणीत लाथ घातली होती.

 मग बू लास्मी सगळ्यांदेखत उकळत्या पाण्याची किटली घेऊन पुढे आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या,

"अल्हम्दुलिल्लाह! बाळ तुमच्यावर नाही गेलं!"